चाळणीवर कोण बसणार

आमच्या वस्तीत एरवी २४ माणसं राहतात. १८ जण बौद्धिक अक्षमता असलेली प्रौढ मंडळी, बाकी आम्ही कार्यकर्ते. चार घरं, एक गोठा, एक सामायिक स्वयंपाकघर आणि पाऊण एकराची रोपवाटिका. भोर तालुक्यात डांबरी रस्ता संपतो, तिथून पुढे अर्धा किलोमीटर. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात इथे ३६ मुलं शिबिराला येतात, वय ११ ते १६, सात रात्री आठ दिवस. त्यांतली १२ दिव्यांग असतात: कोणी व्हीलचेअरवर, कोणी अंध, कोणी कर्णबधिर, कोणी स्वमग्न, कोणी डाउन सिंड्रोम असलेलं. मुलांच्या सोबतीला राहणारे १२ शिबिरसाथी आणि स्वयंपाकाला गावातल्या ३ बायका धरल्या, तर त्या आठवड्यात ७५ माणसांचं पाणी, जेवण, झोपणं आणि संडास सांभाळायचा असतो. सहा उन्हाळे हे केलं. आता असं शिबिर घ्यायचं म्हणून भेटायला येणारे खेळ, पाहुणे, वक्ते यांच्याबद्दल भरभरून विचारतात. उतार, चाळणी आणि गोळ्यांचा डबा यांच्याबद्दल विचारत नाहीत. म्हणून हे लिहितो आहोत.

कल्पना आमची नाही. चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ सोमनाथला बाबा आमट्यांनी १९६७ साली श्रमसंस्कार छावणी सुरू केली. विदर्भातला मे, पहाटे उठून कुदळ-फावडं, दुपारी सावलीत चर्चा, संध्याकाळी गाणी. आणि ही छावणी भरते ती कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांनी उभ्या केलेल्या शेतीवर. तिथे शहरातलं पोर मदत करायला जात नाही, काम शिकायला जातं, आणि शिकवणाऱ्याच्या हाताला कधी कधी बोटं नसतात. त्याआधीही, १९५०च्या दशकात, सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या शांततावादी संघटनेचे परदेशी स्वयंसेवक आनंदवनात राहून इमारती बांधून गेले होते. वस्तीची बाजू आम्ही दुसरीकडे पाहिली. मुळशी तालुक्यात कोळवणला साधना व्हिलेजमध्ये बौद्धिक अक्षमता असलेली प्रौढ माणसं घर करून राहतात. त्यामागची प्रेरणा स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनजवळ डॉ. कार्ल क्योनिग यांनी १९४०च्या सुमारास सुरू केलेल्या अशाच सहजीवनाच्या वस्तीची, कँपहिलची. आम्ही केलं ते एवढंच, की अशा घरांच्या अंगणात मुलांची छावणी बसवली.

आधी प्रमाणाचं सांगतो. ३६ मध्ये १२, म्हणजे तिघांत एक. पहिल्या वर्षी ४० मध्ये ४ दिव्यांग मुलं घेतली होती. ती चौघं पाहुण्यांसारखी राहिली. प्रत्येकाभोवती सात-आठ जण पाणी द्यायला, ताट उचलायला. चौघांनाही आठवडाभर स्वतःचं ताट धुवायला मिळालं नाही. उलट, दिव्यांग मुलांचं प्रमाण निम्म्याच्या पुढे गेलं की आम्हाला साथी पुरत नाहीत. तिघांत एक असलं की प्रत्येक सहा जणांच्या गटात दोन येतात आणि दोघंही वेगळ्या तऱ्हेची असू शकतात. अंध मुलगा व्हीलचेअर ढकलतो, खुर्चीतली मुलगी वाट सांगते. ही जोडी आम्ही लावून दिलेली नाही, दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गटात ती आपोआप जमते.

अर्ज जानेवारीत देतो. त्यात अपंगत्वाची टक्केवारी विचारत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे, सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट आहे, यूडीआयडी या सरकारी दिव्यांग ओळखपत्रावर आकडा छापलेला असतो. पण त्या आकड्यावरून पोराची रात्र कशी जाते ते कळत नाही. आम्ही विचारतो ते असं: रात्री लघवीला स्वतः उठतो का, की उठवावं लागतं, किती वाजता? कोणता आवाज सहन होत नाही? घाबरला की काय करतो आणि कशाने शांत होतो? घास अडकतो का? शेवटची फिट कधी आली, कशी दिसते, किती वेळ चालते? झोपताना जवळ काय लागतं? संडासात मदत कोण करतं, नेमकी कुठपर्यंत? हेच प्रश्न ३६ च्या ३६ पालकांना. दिव्यांग नसलेल्या मुलांच्या अर्जातूनही अंथरूण ओलं होणं, दमा, अंधाराची भीती हे सगळं निघतं. पहिल्या वर्षी त्यांना विचारलं नव्हतं आणि दोन रात्री त्याच मुलांमागे गेल्या.

मेच्या पहिल्या रविवारी सगळी मुलं पालकांसह दिवसभरासाठी येतात. हा दिवस गाळायचा नाही. स्वमग्न मुलाला जागा एकदा डोळ्यांनी बघून गेल्यावर दुसऱ्यांदा ती ओळखीची असते. जाताना त्याला आठ फोटो देतो: झोपायची खाट, जेवायची जागा, संडास, न्हाणी, घंटा, गोठा, शांत खोली आणि त्याचा साथी. घरी दोन आठवडे ते फोटो भिंतीवर लावायचे.

आता बांधकाम. व्हीलचेअरचा उतार एकास बारा हवा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. आमचा ओटा दीड फूट उंच आहे, म्हणून उतार अठरा फूट झाला. पहिल्या वर्षी घाईत आठ फुटांच्या फळ्या टाकल्या होत्या. त्यावरून वर जाताना खुर्ची मागे कलंडली. साथी मागे होता म्हणून निभावलं. रुंदी चार फूट, वर आणि खाली पाच बाय पाचची सपाट जागा, नाहीतर दार उघडताना खुर्ची मागे घसरते. दोन्ही कडांना चार इंचांची पाळ. सिमेंट ओलं असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढून घ्या. गवंड्याला गुळगुळीत कोबा करायची सवय असते आणि त्याला ते काम सुबक वाटतं. पण वळवाची एक सर आली की त्यावर कुबडी टिकत नाही. गवंडी काम करत असताना तिथे उभं राहायचं.

संडास हा शिबिराचा खरा दरवाजा. दाराची मोकळी रुंदी तीन फूट, दार बाहेर उघडणारं, कडी बाहेरूनही काढता येईल अशी. आत खुर्ची वळायला पाच फूट जागा. कमोड जमिनीपासून दीड फूट, बाजूला हाताला धरायला दांडी, ती भिंतीत खोल ठोकलेली. दीड इंची जीआय (लोखंडी) पाइप चालतो, टॉवेल अडकवायची नळी चालत नाही. मूल सगळं वजन त्यावर टाकतं. असा एक संडास मुलींकडे, एक मुलांकडे. बाकीचे भारतीय पद्धतीचे. त्यांतल्या दोनांवर बसवायला भोकाच्या खुर्च्या ठेवतो. एकूण आठ माणसांना एक संडास पडेल असा हिशेब. शोषखड्डा एरवी २४ माणसांचा असतो, त्यावर एकदम तिप्पट भार येतो, म्हणून न्हाणीचं पाणी वेगळ्या चराने थेट केळीकडे काढलं. चौथ्या वर्षी हे केलं नव्हतं आणि पाचव्या दिवशी खड्डा वर आला.

इथेच एक गोष्ट ध्यानात ठेवायची, ती नव्या साथींना हमखास माहीत नसते. संडासात ज्याला मदत लागते ते मूल पाणी पिणं कमी करतं. कोणाला सांगत नाही. अनोळखी ताई-दादाला हाक मारायची लाज वाटते, मग तहान मारायची. मे महिन्यात हे धोक्याचं आहे. सांगून उपयोग होत नाही, म्हणून पाण्याची वेळ सगळ्यांना लावली: दर तासाला घंटा, प्रत्येकाने एक पेला, साथींनीसुद्धा. दुपारी कोकम सरबत, जेवणात ताक. दुपारपर्यंत लघवी झाली नसेल तर ती नोंद परिचारिका ताईंकडे जाते. मणक्याचा त्रास असलेल्या ज्या मुलांना दर चार तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते, त्यांच्यासाठी कडी असलेली स्वच्छ जागा, साबण, वाहतं पाणी आणि आरसा. वेळ चुकवायची नाही, भले शेकोटीवर गाणं रंगलेलं असो.

अंगणात खडी होती, तिच्यात खुर्चीची पुढची लहान चाकं रुततात. तीन ब्रास मुरूम पसरून, पाणी मारून, धुमसाने ठोकून घेतला. दरवर्षी एप्रिलमध्ये परत एक हात द्यावा लागतो. अंध मुलांसाठी काथ्याची दोरी, जमिनीपासून पावणेतीन फुटांवर, दर दहा फुटांना खांब. खांब लांब गेले की दोरी झोळते आणि लहान मुलाच्या गुडघ्याला लागते. वळणाआधी गाठी: एक गाठ स्वयंपाकघर, दोन गाठी संडास, तीन गाठी झोपायची जागा. अल्पदृष्टीच्या मुलांना दोरीपेक्षा फक्कीची पांढरी रेघ बरी पडते. पायऱ्यांच्या कडेला पिवळा रंग. दोरीवर ओले टॉवेल वाळत घालायचे नाहीत, हा नियम पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांना सांगावा लागतो, आणि दुसऱ्या दिवशी परत.

शिट्टी आणि लाउडस्पीकर बंद केले. शिट्टीने स्वमग्न मुलं कान दाबून खाली बसत होती. आता रुळाच्या तुकड्याची घंटा आहे. ती आमच्याकडे सात वर्षं राहणारे एक काका वाजवतात, ते घड्याळ वाचत नाहीत, पण गोठ्यातल्या कामाचा त्यांचा क्रम कधी चुकत नाही. घंटेबरोबर ओट्यावरच्या काठीला रंगीत कापड चढतं, ते कर्णबधिर मुलांसाठी. शांत खोलीला खिडकीवर ओलं गोणपाट, खाली सतरंजी, दोन लोड आणि एक जड गोधडी. तिथे कोणालाही केव्हाही जाता येतं आणि कोणी का आलास म्हणून विचारत नाही. दुसऱ्या वर्षी एका साथीने दंगा करणाऱ्या मुलाला तिथे नेऊन बसवलं. त्या दिवसानंतर त्या शिबिरात ती खोली कोणी वापरली नाही. शिक्षेची खोली म्हणून एकदा नाव पडलं की ते पुसता येत नाही.

आता श्रमाचं. आमचं सगळं शिबिर त्यावरच उभं आहे. सकाळी ६ ते ८ रोपवाटिकेत पिशव्या भरायच्या. मे महिन्यात जमीन दगडासारखी असते, चर खणण्याचं काम निम्म्या मुलांना जमणारं नसतं. पिशव्या भरण्यात मात्र सात-आठ वेगवेगळी कामं येतात आणि ती एकमेकांत अडकलेली असतात. माती फोडायची, चाळायची, दोन घमेली माती, एक घमेलं शेणखत, एक घमेलं रेती असं मिसळायचं, पाणी शिंपडून हातात मुटका बसेल एवढी ओल आणायची, ५ बाय ७ च्या पिशवीत भरायचं, पिशवी जमिनीवर तीनदा आपटून परत वरून भरायची, वाहून न्यायची, दहा-दहाच्या ओळीत लावायची. आपटणं राहिलं तर पहिल्या पाण्यालाच पिशवी निम्मी बसते आणि कलंडते. तळाची भोकं बुजली तर बी कुजतं. अंध मुलं पिशव्या सगळ्यांत चांगल्या भरतात, कारण ती बोटांनी कोपरे दाबून बघतात; डोळस मुलं वरून बघून भरली म्हणतात आणि कोपरे पोकळ राहतात.

पहिल्या वर्षी हे सगळं होतं, फक्त वाटणी चुकली. दिव्यांग मुलांना हलकी कामं दिली: पिशव्या मोजणं, पाणी वाटणं, गाणं म्हणणं. तिसऱ्या दिवशी खुर्चीवरच्या एका मुलीने मोजणीची पाटी मांडीवर उलटी ठेवली आणि विचारलं, “ताई, हे नाही मोजलं तर काय होईल?” काहीच होणार नव्हतं. पिशव्या भरल्या गेल्याच असत्या. तिला हे आमच्या आधी कळलं होतं.

पुढच्या वर्षी चाळणी बदलली. आधीची हातात धरून हलवायची होती. आता चार फूट बाय अडीच फुटांची लाकडी चौकट, तिला अर्धा इंची जाळी, आणि ती शेडच्या आढ्याला चार दोऱ्यांनी टांगलेली. उंची अडीच फूट, म्हणजे खुर्चीवर बसून हाताशी येते. दोन बाजूंना दोघं बसतात, एकाने ओढायची, दुसऱ्याने सोडायची. झोका बसला की जोर लागत नाही. खाली ढकलगाडी. बाकी सगळी रांग या चाळणीवर अवलंबून: माती चाळून आली नाही तर मिसळणारे थांबतात, भरणारे थांबतात, वाहणारे थांबतात. म्हणून चाळणीवर कोण बसणार, हे आधीच्या रात्री ठरतं, आणि त्या दोन जागांपैकी एक जागा नेहमी अशा मुलाला, ज्याला घरी कोणी काम सांगत नाही.

गेल्या वर्षी तिथे सेरेब्रल पाल्सी असलेला तेरा वर्षांचा मुलगा होता. त्याचे हात झटक्याने हलतात, पेला धरला तर पाणी सांडतं. चाळणीच्या कडेला हात पडला की तोच झटका झोका होतो. समोर बसलेल्या मुलाला सुरुवातीला ताल सापडेना. तो ठरावीक लयीत ओढायला बघत होता आणि चाळणी तिरकी जाऊन माती बाहेर सांडत होती. दहा मिनिटांनी त्याने चाळणीकडे बघणं सोडलं आणि समोरच्याच्या खांद्याकडे बघायला लागला. खांदा हलला की सोडायची. मग माती खाली पडू लागली, खडे जाळीवर नाचत कडेला आले. मध्येच दोघं थांबले तसा पलीकडून ओरडा झाला, “माती! माती कुठाय?” “थांबा रे, देतोय!” असं तो जोरात म्हणाला. त्याचं बोलणं तीन दिवस कोणाला नीट समजत नव्हतं. हे सगळ्यांना समजलं.

पहिल्या सकाळी २५० च्या आसपास पिशव्या होतात, शेवटच्या दिवशी ९०० पर्यंत जातात. काम संपलं की हात-पाय धुऊन न्याहरी. मणक्याच्या दुखापतीमुळे पायात संवेदना नसलेल्या मुलांचे पाय साथीने रोज तपासायचे: काटा, फोड, भाजणं, मुंगी चावणं. त्यांना दुखत नाही, म्हणून ते सांगत नाहीत. उन्हात तापलेल्या खुर्चीच्या पायपट्टीवर अनवाणी पाय ठेवून एका मुलाला फोड आला होता आणि संध्याकाळपर्यंत कोणाला कळलं नाही. कुष्ठरोगात हातापायांची संवेदना गेलेल्या माणसांना रोज तळवे बघायची सवय लावतात, तीच सवय इथे लागते. दर अर्ध्या तासाने खुर्चीवर हात टेकून बूड उचलायचं; पिशव्या भरण्यात रंगलेलं मूल हे विसरतं, म्हणून पाण्याच्या घंटेबरोबर आणि मधल्या अर्ध्या तासालाही ती आठवण.

११ ते ४ बाहेर पडायचं नाही. या वेळात सामायिक स्वयंपाकघरात भाज्या निवडणं, गोष्टी आणि खुणांची भाषा. भारतीय खुणांची भाषा ही हाताने बोललेली मराठी नाही, तिचं व्याकरण वेगळं आहे. आठवड्यात ती येत नाही, पण १०० खुणा येतात आणि तेवढ्यावर जेवणाच्या पंगतीतली भांडणंसुद्धा होतात. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला खुणेचं नाव मिळतं आणि ते कर्णबधिर मुलंच ठेवतात. खरी अडचण अंधाराची. लाइट गेली की कर्णबधिर मुलांचं बोलणंच बंद पडतं. शेकोटीभोवती गोल बसलं की बोलणाऱ्याच्या पाठीमागे ज्वाळा आणि चेहरा काळा. आता अर्धगोल बसतो, बोलणारा आगीसमोर, त्याच्या तोंडावर आणि दुभाष्याच्या हातांवर चार्जिंगचा दिवा. एका वेळी एकच जण बोलेल. श्रवणयंत्रं रात्री ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत, नाव लिहून. ज्यांच्या यंत्रात छोट्या बटणासारख्या बॅटऱ्या लागतात त्यांनी दुप्पट आणायच्या, कारण भोरला त्या मिळतीलच असं नाही.

गोळ्यांचा डबा एकच, कुलपात, आत प्रत्येक मुलाची वेगळी पिशवी, वर फोटो. गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, दोन दिवस जास्तीच्या. घरून सुट्या गोळ्या पुडीत बांधून आल्या तर घेत नाही. एकाने द्यायची, दुसऱ्याने बघून सही करायची. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, त्यानंतर अर्धा तास काही नाही. डाउन सिंड्रोमच्या बऱ्याच मुलांना ती असते. सहाचा चहा सगळ्यांबरोबर प्यायला गेली की वेळ चुकते, म्हणून ती गोळी पाच वाजता, अंथरुणातच.

फिटच्या बाबतीत आमची सगळ्यांत मोठी चूक तिसऱ्या वर्षी झाली. शेकोटी साडेअकरापर्यंत चालली, मुलांना पाचला उठवलं. फिटचा त्रास असलेल्या दोन मुलांना त्याच सकाळी फिट आली, त्यांतल्या एकीला जवळजवळ पाच मिनिटं. झोप मोडणं आणि गोळी चुकणं ही दोन्ही फिट यायची कारणं असतात, आणि त्या रात्री उशिरा जेवल्याने गोळीही उशिरा गेली होती. तेव्हापासून साडेनऊला दिवे बंद, सगळ्यांचे. प्रत्येक साथीला पहिल्या दिवशी करून दाखवतो: कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ, घड्याळ बघा, तोंडात काही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांच्या पुढे गेली तर डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकातला फवारा आणि १०८. भोवती गोळा झालेल्या मुलांना बाजूला नेणं हे एकाच साथीचं काम, आधीच ठरलेलं. नंतर त्या मुलांना काय झालं ते सरळ सांगायचं. लपवलं की भीती वाढते.

झोपायला खाटा, भिंतीपासून एक हात दूर, मच्छरदाणी गादीखाली खोचून. मेमध्ये विंचू निघतात. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनच्या गोळीचं काम महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी केलं. त्या गोळ्या आणि सर्पदंशावरचं प्रतिविष जवळच्या आरोग्य केंद्रात आहे का, हे शिबिराआधी स्वतः जाऊन बघायचं. रात्री नवाच्या सुमारास जांभळ्या प्रकाशाची बॅटरी घेऊन भिंतीकडेने एक फेरी. त्या उजेडात विंचू हिरवट चमकतो आणि लांबून दिसतो. रात्रपाळीला दोघं, तीन-तीन तास. अकराला आणि चारला ज्यांना उठवायचं त्यांना नाव न घेता खांद्याला हात लावून. अंथरूण ओलं झालंच तर चादर बदलून, ओली चादर थेट बादलीत, कोणी उठायच्या आत. अंघोळीला, संडासला मदत करताना त्याच लिंगाचा साथी, आणि दुसरा मोठा माणूस हाकेच्या अंतरावर. मुलाला आधी विचारून. या नियमाला कार्यकर्ता कितीही जुना असला तरी सूट नाही. साथींची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी एप्रिलमध्येच झालेली असते.

पाणी दिवसाला पाच हजार लिटर धरा. बोअरला मेमध्ये तेवढं नसतं, एक दिवसाआड टँकर. टँकरचं पाणी टाकीत आलं की हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), अर्धा तास थांबून मग वापर. जेवणाचं फार सांगत नाही: ७५ जणांच्या खिचडीला ६ किलो तांदूळ आणि अडीच किलो मूगडाळ, पोह्यांना ५ किलो पोहे. ज्यांना घास अडकतो त्यांना गुरगुट्या भात, ताठ बसवून, लहान चमच्याने, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. स्वयंपाकाच्या तिघींपैकी एकीने कायम याच ताटांवर लक्ष ठेवायचं.

आणि वस्तीतली माणसं. शिबिर त्यांच्या घरी भरतं, हे मुलांना पहिल्या तासात सांगतो. घरात बोलावल्याशिवाय जायचं नाही, विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. त्यांचं वेळापत्रक शिबिरासाठी बदलत नाही. गोठा, दळण, पोळ्या, रोपवाटिका ही कामं ज्याची त्याची आहेत, मुलं त्यांच्या हाताखाली लागतात. धार काढायला शिकवणाऱ्या मावशी बोलत नाहीत; मुलाचा हात आपल्या हाताखाली धरतात आणि अंगठा कसा मुडपायचा ते दाखवतात. चुकलं की हात बाजूला करतात आणि परत धरतात. त्यांच्यातल्या दोघांना मात्र शिबिराची गर्दी झेपत नाही. एक जण ते आठ दिवस गावातल्या ओळखीच्या घरी राहायला जातात. हे आम्हाला समजायला दोन वर्षं लागली. त्यांनी जेवण कमी केलं होतं आणि आम्ही उन्हाळ्याला दोष देत होतो.

आठव्या दिवशी पालक दुपारी येतात. आधी त्यांना रोपवाटिकेत नेतो आणि मुलं त्यांना काम दाखवतात. मग प्रत्येक पालकाला एक कागद देतो: आठवड्यात मुलाने स्वतः काय काय केलं, किती वेळ लागला, कुठे मदत लागली. “ताट स्वतः धुतलं, चार मिनिटं.” “शर्टाची बटणं, खालची तीन.” घरी तेवढा वेळ दिला तर ते चालू राहतं. घाई केली की जूनमध्ये शाळा सुरू होताच सुटतं, हे पालकांनीच आम्हाला सांगितलं.

जाताना प्रत्येक मूल एक रोप नेतं, ते आदल्या वर्षीच्या शिबिरात भरलेल्या पिशवीतलं. या वर्षीच्या पिशव्यांत करंज, चिंच, बेहडा रात्रभर भिजवून टोकलेले असतात, बीच्या जाडीच्या दुप्पट खोल. मुलं गेली की त्यांचं पाणी वस्तीकडे येतं. सकाळी आणि संध्याकाळी, झारीनेच. नळीने घातलं तर माती उडते आणि बी वर येतं. घंटेवाले काका एका ओळीला एक झारी असा हिशेब ठेवतात आणि ओळ संपली की दगड उचलून पुढच्या ओळीशी ठेवतात. करंज दहा-पंधरा दिवसांत वर येतो, बेहडा वेळ घेतो.